रेघेतला खड्डा

धाकटीच्या टेबलावर डझनभर फोन ओळीने मांडलेले असायचे आणि प्रत्येक फोनला तिने एकेक मालक जन्माला घातला होता. एक पेन्शनवाले आजोबा होते, ते फक्त औषधं आणि चपला शोधत. एक लेकुरवाळी होती. एक उधळ्या होता, दिसेल ते उघडून बघणारा. एक चिकट गृहस्थ होते, ते महिनोन्‌महिने एकच पंखा न्याहाळत आणि घेत मात्र नसत. ही माणसं जगात कुठेच नव्हती, पण खरेदीच्या त्या ॲपला ती खरी वाटली पाहिजेत, म्हणून धाकटी रोज सकाळी आल्या आल्या त्यांच्या वतीने जरा भटकून घेई. मग सगळ्या फोनवर एकच शब्द टाकायचा आणि कोणाला काय आधी दिसतं ते टिपायचं. ‘आमची धाकटी पगार घेऊन दिवसभर दुकानं बघते,’ असं तिची आई सगळ्यांना सांगे.

दुकानं बघणं म्हणा हवं तर. धाकटी स्पर्धा आयोगाच्या संशोधन शाखेत होती. बाजारात मोठ्याने छोट्याचा गळा धरू नये, हे बघायचं काम या आयोगाचं. आता गळा धरायचाच तर तो उघडपणे कोण धरतो? हे ॲप बाजारही चालवायचं आणि त्याच बाजारात स्वतःचा मालही विकायचं. पंचही हेच आणि खेळाडूही हेच! दुसऱ्या कोणाचा माल चांगला खपतोय असं दिसलं की काही महिन्यांत तसाच माल ॲपच्या स्वतःच्या शिक्क्याने यायचा आणि सगळ्यात वर जाऊन बसायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं: क्रम आपोआप लागतो, आम्ही हातसुद्धा लावत नाही.

त्या सकाळी शब्द होता ‘कंबरेची उशी’. खुर्चीत पाठीमागे घ्यायची उशी. आजोबांच्या फोनवर पहिली आली ती ॲपची स्वतःची. ते नेहमीचंच होतं. पण दुसरी, तिसरी, चौथी बघता बघता धाकटीचं बोट खाली खाली सरकत गेलं. ताईची उशी कुठेच नव्हती. तिने लेकुरवाळीचा फोन घेतला, उधळ्याचा घेतला, चिकट गृहस्थांचा घेतला. बोट दुखायला लागलं तेव्हा एकदाची सापडली, कुत्र्यांच्या गाद्यांच्याही खाली. तिथवर कोण मरायला जातंय?

ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. ताई आणि भावोजी मिळून उश्यांचा छोटासा कारखाना चालवत. कारखाना कसला, घराला लागून एक लांबट खोली. एका टोकाला फोम कापायची तापती तार, दुसऱ्या टोकाला शिवणयंत्रं, आणि दोन शिवणाऱ्या बायका. पण उशी अशी करत की बसणारा हुश्श म्हणे. ॲपने तशीच्या तशी उशी काढली, शिवणीचा बाकदेखील उचलला, आणि ताईचा खप घसरायला लागला, तेव्हा धाकटीनेच तिला गळ घातली होती. ‘ताई, साक्ष दे. फोनवर सगळे विक्रेते बोलतात गं, पण सही करायची म्हटली की सगळ्यांना कामं आठवतात. तू दिलीस तर केस उभी राहील.’

नातं धाकटीने पहिल्याच दिवशी वरिष्ठांना लिहून दिलं होतं. म्हणून ताईचा जबाब दुसऱ्या अधिकाऱ्याने घेतला, अगदी रीतसर. धाकटीकडे राहिले ते आलेख. आणि आलेखांत तिचा हात धरणारं त्या इमारतीत कोणी नव्हतं.

ती फोन खाली ठेवते न ठेवते तोच तिचा स्वतःचा वाजला. ताईच होती.

‘धाकटे, अगं काय झालंय बघ ना. परवापासून एक ऑर्डर नाही. एकसुद्धा! यांनी तीनदा फोन बंद करून चालू केला. तक्रार केली तर मशीन उत्तर देतं, तुमचा दिवस चांगला जावो म्हणून. मेल्यांनो, दिवस तुम्हीच तर खाल्लात!’

‘बघते,’ धाकटी म्हणाली.

‘त्यांना कळलं का गं मी साक्ष दिल्याचं?’

‘छे! कसं कळेल? नाव कुठेच नाहीये तुझं. “विक्रेता झ” एवढंच आहे.’

हे ती अगदी मनापासून बोलली. मग फोन ठेवला आणि कंपनीला गेलेली प्रत उघडली.

आता ही प्रतीची भानगड जरा समजून घ्यायला हवी. ज्याच्यावर आरोप आहे त्याला पुरावा दाखवावाच लागतो, नाहीतर तो उत्तर कसं देणार? पण साक्षीदाराला तर झाकायला हवं. म्हणून एकाच पुराव्याच्या दोन प्रती होतात. एक पूर्ण, ती आयोगाच्या कपाटात. दुसरी कंपनीसाठी, नावं-गावं-आकडे पुसलेली. ताईच्या खपाचा आलेख पुसायचं काम धाकटीनेच केलं होतं. नाव काढलं. गाव काढलं. तारखा काढल्या. किती उश्या खपल्या ते आकडे काढले. शेवटी काय उरलं? एक रेघ. चढत गेलेली, आणि ॲपची उशी आल्यावर घसरत गेलेली. ही रेघ धाकटीने ठेवली, कारण सबंध प्रकरणात इतकं बोलणारं दुसरं काही नव्हतं. खरं सांगायचं तर तिला त्या रेघेचा अभिमान वाटत होता.

आणि त्या रेघेत, चढाच्या मध्यावर, एक खड्डा होता. रेघ एकदम तळाला टेकून थोडी आडवी चाललेली, मग पुन्हा वर. बाबा गेले तेव्हा ताईने कारखाना बंद ठेवला होता, तोच हा खड्डा.

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. ती रेघ जगात कोणालाही काही सांगत नव्हती. एका कंपनीला सोडून! प्रत्येक विक्रेत्याची प्रत्येक दिवसाची विक्री तर त्यांच्याकडेच पडलेली. अशी चढणारी, अशी तळाला टेकणारी, अशी घसरणारी रेघ कोणाची, हे त्यांच्या यंत्राला विचारलं की क्षणात उत्तर. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्याच हातात तिने ताईचा ठसा नेऊन दिला होता. नाव पुसलं, गाव पुसलं, आणि बाबांचं मरण तेवढं ठेवून दिलं!

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. ती तशीच उठून वरिष्ठांच्या खोलीत गेली.

वरिष्ठांना सगळे मागे ‘सबुरी सर’ म्हणत. कारण काहीही सांगा, त्यांचा पहिला शब्द तोच. माणूस वाईट नव्हता. मोठ्या कंपन्यांशी आयुष्यभर भांडून भांडून असा झाला होता.

‘सबुरी,’ ते म्हणाले. ‘आधी बसा.’

‘बसायला वेळ नाहीये सर. त्यांना साक्षीदार कळलाय, आणि त्यांनी तिला गाडलंय. आजच्या आज तातडीचा आदेश काढायला हवा.’

‘गाडलंय हे कशावरून?’

‘आपल्या सगळ्या फोनवर दिसतंय!’

‘फोनवर दिसतंय ती खाली गेली एवढंच. का गेली ते फोन सांगत नाही. त्यांचा वकील काय म्हणेल? क्रम आपोआप लागतो. आज हिची उशी खाली, उद्या दुसऱ्याची. त्यांनी मुद्दाम केलं हे म्हणायचं तर साक्षीदार कोण हे त्यांना ठाऊक होतं, इथपासून सिद्ध करावं लागेल.’

‘मी सिद्ध करते. चूक माझी आहे, मी लेखी देते. आलेखातला खड्डा दाखवते.’

सरांनी चष्मा काढला. ‘म्हणजे आत्ता त्यांचा नुसता अंदाज असेल तर तुम्ही आपण होऊन शिक्कामोर्तब करणार, की हो, तीच ही. आणि राहिलेल्या दोघा-चौघा विक्रेत्यांनी सह्या करायचं कबूल केलंय, ते हे ऐकून थांबतील? आयोगात नाव सांगितलं की फुटतं, असंच म्हणतील ना?’

‘मग मी काय करू सर? मी माझ्या बहिणीला काय सांगू?’ धाकटीचा आवाज चढला, आणि मग फाटला. ‘मीच नेलं हो तिला तिथे. ती येत नव्हती.’

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. म्हणाले, ‘सुनावणी लागेपर्यंत तिला तग धरायला सांगा.’

सुनावणी! कंपनीने मुदतवाढ मागायची, आयोगाने द्यायची, मग वकील आजारी पडायचा, मग नवा वकील नेमायचा आणि त्याला कागद वाचायला वेळ द्यायचा. या खात्यात नोकरी धरलेली माणसं निवृत्त होत आणि त्यांच्या पहिल्या केसची सुनावणी चालूच असे. तोवर दोन शिवणयंत्रांच्या कारखान्याने तग कशावर धरायचा, हवेवर?

पुढचे दिवस धाकटीने वेड्यासारखे काढले. कंपनीच्या तक्रार खिडकीवर ताईच्या नावाने लिहिलं, दर वेळी त्याच मशीनने तोच चांगला दिवस चिंतला. ओळखीच्यांना सांगून उश्या मागवल्या, तरी ताई वर सरकेना. एकदा तर तिने उधळ्याच्या फोनवरून स्वतःच ताईची उशी मागवायला घेतली, आणि शेवटच्या बटणावर बोट थांबलं. चाचणीच्या फोनवरून खरेदी केली की ती चाचणी बाद. सगळ्या केसचीच माती होईल. फोन जागेवर ठेवताना तिला स्वतःची इतकी चीड आली की फोन आपटावासा वाटला. तोही तिने आपटला नाही.

शेवटी ती ताईकडे गेली.

दारातूनच जाणवलं, खोलीत आवाज नव्हता. फोमची तार गार पडलेली, शिवणयंत्रांवर जुन्या चादरी टाकलेल्या. शिवणाऱ्या बायकांना ताईने ‘बोलावते परत’ म्हणून घरी पाठवलं होतं. भिंतीला लागून तयार उश्यांची चळत छताकडे गेली होती, आणि खालच्या चार-पाच उश्यांवर आई ऐसपैस बसली होती.

‘ये गं बाई,’ आई म्हणाली. ‘मी आता उश्यांवरच राहायला आलेय. विकत नाहीत तर वापराव्या तरी!’

कोणी हसलं नाही. भावोजी एका कोपऱ्यात नुसतेच कात्रीला तेल देत होते. ती कात्री त्यांनी दिवसभरात कितीदा पुसली असेल कोणास ठाऊक.

धाकटीने पिशवीतून आलेखाचा कागद काढला. सगळं पाठ करून आली होती, कुठून सुरू करायचं, काय आधी सांगायचं, काय नंतर. पण तिने कागद तसाच ताईपुढे धरला.

ताईने बघितला. तिला आलेख-बिलेख कळत नसत, पण तिचं बोट सरळ त्या खड्ड्यावर गेलं.

‘हे बाबांचं,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘हे तू त्यांना दिलंस?’

‘नाव काढलं होतं, ताई. आकडे पण काढले होते. मला वाटलं, नुसती रेघ...’

‘नुसती रेघ?’ ताई उठून उभी राहिली. ‘अगं, बाबांना उचललं त्या दिवशी इथे यंत्रावर अर्धी उशी तशीच होती. मी ती किती दिवस कोणाला हलवू दिली नाही. आणि तू ते दिवस पुराव्याला लावलेस? तुला एकदा विचारावंसं वाटलं नाही मला?’

‘मला सुचलंच नाही गं.’

‘एवढी शिकलीस, आणि आपल्या बापाच्या मरणावर तुझी नजर पडली तेव्हा तुला काहीच सुचलं नाही!’

धाकटी रडायला लागली. ताईने तिला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. लहानपणापासून असं कधी झालं नव्हतं. आईसुद्धा उश्यांवरून उठली नाही, एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिली.

मग भावोजी कात्री खाली ठेवून म्हणाले, ‘साक्ष मागे घेऊ या का?’

‘एवढ्यात नको,’ धाकटी पटकन बोलून गेली. ‘भावोजी, पाया पडते. सुनावणीपर्यंत थांबा फक्त. तुमच्याशिवाय केसमध्ये काही राहत नाही. तुमच्यासारखे शेकडो जण आहेत, ते सगळे...’

‘सुनावणी कधी आहे?’ ताईने विचारलं.

‘तारीख अजून लागलेली नाही.’

‘तोवर हा कारखाना राहील?’

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. तिने मान हलवली, नाही म्हणून.

‘मग झालं तर,’ ताई म्हणाली. ‘शेकड्यांना सांग, माझ्या बहिणीने एकदा तुमच्यासाठी सही केली होती. आता आणखी नाही.’

साक्ष मागे घेतल्याचं पत्र ताईने दुसऱ्याच दिवशी धाडलं. नियमाप्रमाणे त्याची प्रत कंपनीकडे गेली, ‘विक्रेता झ यांना पुढे काही म्हणायचे नाही’ अशी. सबुरी सरांनी ते वाचून फायलीला लावलं आणि धाकटीला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तरीही धाकटी रोज सकाळी फोनपुढे बसत राहिली. आजोबांच्या चपला, लेकुरवाळीचं दूध, चिकट गृहस्थांचा पंखा, आणि मग सगळ्यांवर ‘कंबरेची उशी’. ताई अजून खालीच. केस जवळजवळ मेलेली, बहीण बोलत नाही, आणि आपण इथे नसलेल्या माणसांच्या चपला शोधतोय! आयुष्यात आपल्याला दुसरं काही येतच नाही का, असं तिच्या मनात यायचं.

आणि एका सकाळी आजोबांच्या फोनवर पहिली आली ती ताईची उशी.

धाकटीचा विश्वास बसेना. तिने उधळ्याचा फोन ओढला. पहिली, ताईची. लेकुरवाळी, पहिली. चिकट गृहस्थ, पहिली! कंपनीची स्वतःची उशी चक्क दुसरी, आणि ताईची तिच्या डोक्यावर. केस उभी राहायच्या आधी, अगदी भरभराटीतही, ताई इतकी वर कधीच नव्हती. धाकटीच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली आणि सर खोलीतून बाहेर धावत आले.

त्यांनी फोन बघितले. एकेक करून सगळे. मग खुर्ची ओढून धाकटीच्या शेजारी बसले आणि जन्मात पहिल्यांदा सबुरी हा शब्द विसरले.

‘अहो, सापडले! पुसलेली प्रत त्यांच्या हातात पडल्यावर उशी खाली. माघारीचं पत्र हातात पडल्यावर उशी वर, तीही स्वतःच्या मालाच्या वर! आता म्हणू दे कोणाला क्रम आपोआप लागतो म्हणून. इतकी वर्षं मी हेच शोधत होतो. हातच धरला आपण त्यांचा!’ त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. मग तो हळूहळू मावळला. ‘फक्त साक्ष मागे घेतल्यावर कपाटातली पूर्ण प्रतही बाद झाली, तेव्हा ही उशी विक्रेता झ यांचीच, हे कोणीतरी सही करून सांगायला हवं. त्यांच्याशिवाय दुसरं कोण सांगणार?’

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. नाव दिसलं तसं सरांनी नजर दुसरीकडे वळवली, पण उठले नाहीत.

‘धाकटे!’ ताई ओरडत होती, कारण मागे शिवणयंत्राची खडखड चालली होती. ‘अगं, आल्या! इतक्या ऑर्डरी आल्यात की दोघींना धावतपळत बोलावून घेतलं. आईला उश्यांवरून उठवलं बघ शेवटी, त्या गिऱ्हाइकांना पाठवायला! हे तर नुसते हसतायत सकाळपासून.’

‘ताई...’

‘तू केलंस ना हे? मला माहीत होतं. मी त्या दिवशी फार बोलले गं तुला. नंतर झोप नाही लागली मला. यांना म्हटलं, धाकटी गप्प बसणारी नाही, ती काहीतरी करेल. ये ना आज घरी.’

धाकटीने डोळे मिटून घेतले. हो म्हणायचं, एवढंच होतं. ताई परत मिळत होती, न मागता, जशीच्या तशी. हो म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण काय पुसायचं आणि काय ठेवायचं हे ताईला न विचारता तिने एकदा ठरवलं होतं. दुसऱ्यांदा तिला ते जमेना.

‘मी नाही केलं, ताई,’ ती म्हणाली. ‘त्यांनीच केलंय. तू माघार घेतलीस म्हणून.’

पलीकडे फक्त यंत्र ऐकू येत होतं.

‘बरं,’ ताई सावकाश म्हणाली. ‘मग? तू अशी का बोलतेयस?’

धाकटीने सरांकडे बघितलं.

‘धाकटे, खरं सांग. परत सही हवीय का तुम्हाला माझी?’

शेजारी सर हातातला चष्मा उगाचच पुसत होते. नाही म्हण, असं धाकटीने स्वतःला बजावलं. नाही म्हण, आणि संध्याकाळी घरी जा.

‘हो,’ ती म्हणाली.

यंत्र थांबलं. ताईनेच थांबवलं की दोरा तुटला, कळायला मार्ग नव्हता. मग फोनपासून जरा लांबून ताईचा आवाज आला, आईशी बोलताना.

‘कोणी नाही गं. धाकटीचा फोन होता. कामाचा.’

आणि फोन बंद झाला. टेबलावरच्या सगळ्या फोनवर ताईची उशी अजून पहिलीच होती.